चार्जरवरची झोप

ढाब्यावर ट्रकसाठी चार्जर एकच होता. प्रल्हादच्या ट्रकची बॅटरी केव्हाच भरली होती, पण रणरणत्या उन्हात उतरायचा कंटाळा आला, म्हणून तो केबिनच्या एसीतच लोळत राहिला.

मागे मासळीचा इलेक्ट्रिक ट्रक येऊन थांबला. दारावर थाप पडताच प्रल्हादनं डोळे मिटून घेतले.

"उठवू का त्याला?" ढाबेवाला म्हणाला. "तुमचा बर्फ वितळतोय, हुसेनचाचा."

"झोपू दे. रात्रभर गाडी चालवली असेल बिचाऱ्यानं," म्हातारा ड्रायव्हर म्हणाला.

प्रल्हादची कानशिलं तापली. पण लगेच उठलं तर सोंग उघडं पडणार. तो तसाच पडून राहिला.

बऱ्याच वेळानं उतरला, तेव्हा मासळीच्या ट्रकमधून पाण्याची धार लागली होती.

"झोप झाली का रे?" चाचांनी विचारलं.

"झाली," म्हणत प्रल्हादनं मान खाली घालून केबल काढली.