ओठाचा डावा कोपरा

"पोचा बघा मास्तर, पोचा!" सावळारामनं आपलं कॉर्नेट, तुतारीसारखं ते पितळी वाद्य, उलटं करून दाखवलं. "कामथडीच्या लग्नाला जाताना गाडीतनं पडलं, तवापासनं सूर जोडून जातच न्हाई. मधीच फुटतो."

ढोल आवळत बसलेला गेणू मान वर न करता म्हणाला, "पोचा नक्की कॉर्नेटलाच हाय न्हवं? का ओठाला?"

बँडची सगळी खोली हसली. हिर्डोशीचा ज्ञानू तेवढा हसला नाही. सावळारामला गेणूच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

पुण्याहून आणलेलं नवं कॉर्नेट रखमाजी मास्तरांशेजारी घोंगडीवर होतं. रामनवमी तोंडावर आली होती. भोरात पालखीपुढं इतकी वर्षं सावळारामच वाजवत आला होता. आणि ज्ञानू, धनगराचा पोर, त्याच्या मागच्या रांगेत. कॉर्नेट तोंडाला लावायचं कसं, हे त्याला सावळारामनंच शिकवलेलं. पण परवा सावळारामची बायको साळूबाई नदीवरून धुणं घेऊन आली आणि त्याला म्हणाली, "आज लई ग्वाड वाजवत हुता तुमी. समद्या बाया थांबल्या ऐकाय." त्या वेळी वाजवत होता ज्ञानू. सावळारामनं तिला ते सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी जुनं कॉर्नेट मांडीवर घेतलं. तिन्ही कळा काढून त्यांच्यावर चिकटलेलं खोबरेल धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि परत बसवल्या. मग एकेक छोटी नळी जराशी बाहेर ओढून तिची कळ दाबली. बाटलीचं बूच निघावं तसा दरवेळी टप् आवाज आला.

"कळा घट्ट हाईत. वारा गळत न्हाई," मास्तर म्हणाले. "आता ऱ्हायलं दोनच. एकतर पोच्यात वारा अडतोय, न्हाईतर ओठ थकलाय."

"ओठाला काय हुतंय माझ्या!"

"मग कळंलच की. म्या भिंतीकडं तोंड करतो. तू आन ज्ञानू, दोघांनी ह्येच वाजवायचं. खालच्या 'सा'वरनं 'प', 'प'वरनं वरचा 'सा'. कळ दाबायची न्हाई, जीभ लावायची न्हाई, नुसत्या वाऱ्यावर चढायचं. आधी कोन, मागनं कोन, मला सांगू नका. दोघांचाबी फुटला तर खोट पोच्यात. मग नवं सावळारामचं. एकाचाच फुटला तर ज्याचा जुळला, नवं त्याचं. आन पालखीम्होरंबी त्योच."

मास्तर वळून बसले. ढोल आवळायचे थांबले.

सावळारामनं आधी घेतलं. सा भरून लागला. प पर्यंत गेला. वरच्या 'सा'ला मात्र आवाज चिरकला आणि नुसती हवा निघाली.

त्यानं कॉर्नेटच्या तोंडाची वाटी धोतराला पुसली आणि कॉर्नेट ज्ञानूला दिलं.

ज्ञानूनं डोळे मिटले. सा लागला, प लागला, इतका मऊ की दोघांमध्ये सांधा कुठं होता तेच कळेना. सावळाराम ज्ञानूच्या तोंडाकडं टक लावून होता, म्हणूनच त्याला दिसलं. वर चढायच्या आधी ज्ञानूच्या ओठाचा डावा कोपरा सैल झाला. शिकवताना सावळारामनं बोट टोचून टोचून जो घट्ट करून घेतला होता, तोच कोपरा. फुस्स करून हवा निघाली. सूर फुटला.

"दोघांचाबी फुटला," मास्तर भिंतीला म्हणाले. "पोचाच म्हनायचा. सावळाराम, उचल नवं."

गेणूनं खुशीत ढोलावर एक थाप मारली. सावळारामनं नवं कॉर्नेट उचललं. पितळ इतकं लख्ख की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या. समोर ज्ञानू जमिनीकडं बघत उभा होता. चोरी करताना सापडल्यासारखा.

या पोराचा दम त्याला खुपत होता. कोवळे ओठ खुपत होते. नदीवर थांबलेल्या बाया खुपत होत्या. आता याचं मोठं मनही याच्याच पदरात! आणि ते जन्मभर आपण पालखीपुढं मिरवायचं?

"मास्तर, वळू नका," सावळाराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "ज्ञानू, परत वाजव."

"दादा, ऱ्हाऊ द्या की. झालं न्हवं आता."

"वाजव म्हन्तो न्हवं!" सावळारामनं पुढं होऊन त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टोचलं. जरा जोरातच. "ह्यो घट्ट धर. मला भीक नगं तुझी."

ज्ञानूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पोचा पडलेलं कॉर्नेट तोंडाला लावलं.

सा लागला. त्यातूनच प उमलला. आणि पुढं कुठं ओढ नाही, धक्का नाही, डोंगरावर धुकं चढावं तसा सूर वरच्या 'सा'ला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. भिंतीकडं तोंड केलेल्या मास्तरांनी हळूच मान डोलावली.

सावळाराम कान लावून त्यात एखादी चीर शोधत राहिला. ज्ञानूचा श्वास संपेपर्यंत शोधत राहिला.