राखेच्या विटेची परीक्षा

"पृथ्वी वाचवायला आज चिंचखारच्या बालवाडीपासून सुरुवात होते आहे," बांधकाम खात्याचे उपअभियंता दिग्विजय साहेब ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्या आल्या नाहीत. पुढ्यात बसलेल्या रखमाबाईंनी विचारलं, "वाचवा की. पन ह्या विटा आमच्या पोरांच्या भिंतीलाच का? तुमच्या हापिसाला लावल्या का?"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. त्यांचं ऑफिस लाल विटांचं होतं.

रस्त्यावर घाटावरून आलेल्या शैलेशचा ट्रक सकाळपासून भरलेला उभा होता. बोईसरच्या कारखान्यांच्या बॉयलरमधली राख घ्यायची, त्यात चुना आणि थोडं सिमेंट कालवायचं आणि करड्या विटा पाडायच्या, हा त्याचा धंदा. सरकारी बांधकामाला आता अशाच टाकाऊतल्या विटा घ्यायच्या, असं वरून आलं होतं. अट एकच, गावाची हरकत नको. गाव हो म्हणालं तर आसपासच्या बालवाड्याही त्याच्याच विटांच्या होणार. नाही म्हणालं तर ट्रक परत, आणि विटांचं यंत्र विकायला काढायचं. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. तिने ते सकाळी त्याच्या न प्यायलेल्या चहावरून ओळखलं होतं.

"आजी, विटेची ताकद तपासून घेतलीय," शैलेश म्हणाला.

"ताकदीचं कोन विचारतंय? मला काय कुस्ती खेळायचीय तिच्याशी? कंपनीची राख ती. पावसात भिंत भिजनार, ते पानी पोरांच्या पायाखाली येनार. त्यात काय हाय, ते सांग."

रखमाबाईंनी पदर खोचला.

चिंचखारला नवी विहीर खणली की आधी त्यात मासे सोडतात. मासे जगले तर माणसं पाणी पितात. विटेनेही याच दारातून यावं, असं रखमाबाईंचं म्हणणं पडलं. सरपंच वैभवीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या नियमांत मासे कुठेच नव्हते, पण चालणार नाहीत असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

"मान्य," शैलेश म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

मासळीचे दोन निळे टब धुऊन आणले. तळ्यातले बोटाएवढे मासे आले. वीट रखमाबाईंनी स्वतः निवडली, तीही ट्रकच्या तळातून, आणि हातोडीने तिचे तुकडे केले.

"पाण्याच्या बाटल्या मागवतो बोईसरहून," शैलेश म्हणाला.

"आनि मासे पन तुझ्या घरचेच मागव! नळाचं घ्यायचं. आमी पितो तेच."

साहेबांनी एक सुधारणा सुचवली. विटेचे तुकडे एकाच टबात टाकायचे, दुसऱ्यात फक्त नळाचं पाणी आणि मासे. "तुलना पाहिजे. शास्त्र आहे हे." शास्त्राला कोणी अडवलं नाही. दुसरा टब ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला आणि मांजर येऊ नये म्हणून त्यावर टोपली पालथी घातली. विटेच्या टबाला टोपलीची गरज नव्हती. त्याच्याभोवती अख्खं गाव बसलं होतं, मांजरासकट.

छपराची सावली ओट्याच्या पायरीला टेकेपर्यंत वाट बघायचं ठरलं.

पाणी आधी गढूळ झालं. मासे एका कडेला गोळा झाले. कोणीतरी म्हणालं, "बघ, पळतायत." शैलेशने हात पाठीमागे घट्ट धरले.

मग एक मासा कलला.

"आडवा झाला," रखमाबाई म्हणाल्या.

"विश्रांती घेत असेल," साहेब म्हणाले.

"साहेब, मासा झोपाया आडवा नाय होत."

वैभवी शैलेशच्या कानाशी आली. "शैलेशभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण ट्रकचं तोंड फिरवून ठेवायला सांगा. नंतर गर्दीत वळायचा नाही."

"जरा पाणी हलवू का?" शैलेशने विचारलं.

"हात लावलास की हरलास," रखमाबाई म्हणाल्या. त्यांची नजर टबावरून हलली नव्हती. वैभवीने खूण केली तसा ड्रायव्हरने ट्रक सुरू केला. धक्क्याने टबातलं पाणी थरथरलं.

कललेल्या माशाने शेपटी मारली. एकदा, मग पुन्हा. सरळ झाला आणि विटेच्या तुकड्यावर जाऊन तोंड घासू लागला. त्याच्यामागे बाकीचेही आले. हळूहळू गढूळपणा तळाला बसला. सावली पायरीला टेकली तेव्हा मासे विटेच्या तुकड्यांमधून शिवाशिवी खेळत होते. रखमाबाईंनी वाकून एकेक मासा नजरेखालून घातला. एकही मेला नव्हता.

"जिता हाय रे सगला माल," त्या सावकाश म्हणाल्या. "जिंकलास, घाटावरच्या."

शैलेश होता तिथेच खाली बसला. ड्रायव्हरने न सांगता इंजिन बंद केलं. टाळ्या आता वाजल्या, आणि साहेबांनी त्या उभं राहून स्वीकारल्या.

"फोटो! दोन्ही टब शेजारी शेजारी घ्या," ते म्हणाले. "वरती तुलना दाखवावी लागते."

कोपऱ्यातला टब ओढून मध्ये आणला. साहेबांनी शर्ट खाली ओढून नीट केला, हसले आणि टोपली उचलली.

साध्या पाण्यातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

रखमाबाईंनी नळाकडे पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं. मग पदर सारखा करून त्या शैलेशपाशी आल्या.

"बाबा, भिंतीचं मागनं बघू," त्या म्हणाल्या. "माझ्या पान्याच्या हंड्यात टाकाया एक तुकडा देतो का?"