ताईंचा हात

"तापमानाच्या मीटरचं कौतुक मला सांगू नकोस," साहेब म्हणाले. "मीटरला चटका बसत नाही, गिऱ्हाईकाला बसतो. ताईंचा हात काय म्हणतो ते बघू."

इंजिनिअरने मीटर बाजूला ठेवला. वैताग नुसता! टॅबच्या एका कोपऱ्यात साठणारी उष्णता मागच्या झाकणभर सारखी पसरवायची, एवढंच काम. पण त्यापायी त्याच्या नाकी नऊ आले होते. झाकणाच्या आत ग्राफाइटचा पातळ थर इकडे वाढवावा, तर मेलं तिकडे तापायचं. आज शेवटची संधी होती. टॅब पुन्हा नापास झाला, की त्याच्या विभागाला टाळं.

ताई चाचणीच्या कामात सगळ्यांत जुन्या. तापलेला टॅब तळहातावर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि चटका कुठे बसतो ते नेमकं सांगायच्या. त्यांच्या 'पास'शिवाय इथून काही बाहेर पडत नसे. लांबलेल्या आजारपणानंतर त्या आजच कामावर आल्या होत्या.

"काय रे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"तुम्हीच पाजलंय ताई. दर वेळी नापास!"

"बरं बरं, आण इकडे."

बराच वेळ व्हिडिओ चालवून तापवलेला टॅब त्यांनी हातात घेतला. बोटं झाकणावरून सावकाश फिरली. इंजिनिअरचा जीव टांगणीला लागला.

"सगळीकडे सारखा," त्या म्हणाल्या. "कुठेच चटका नाही. पास!"

"सुटलो बुवा एकदाचा!" तो ओरडलाच. साहेबांनीही चक्क त्याची पाठ थोपटली.

पण साहेब ते साहेबच. "आता जुना नमुनाही एकदा हातात देऊन बघ. फरक किती पडला ते वरच्यांना सांगायला बरं."

इंजिनिअर मनात चरफडला. जुना टॅबही तेवढाच वेळ चालू होता. तो उचलायला गेला आणि "आई गं!" म्हणत त्याने बोटं झटकली. मग फडक्यात धरून तो त्याने ताईंपुढे केला.

"जपून हं ताई. रजेवर जायच्या आधी याच कोपऱ्याने पोळलं होतं तुम्हाला."

"माहितीये रे, शिकवू नकोस."

त्यांनी अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर टेकवला आणि डोळे मिटले. अंगठा तिथून हललाच नाही.

"गंमतच आहे," त्या म्हणाल्या. "हाही सगळीकडे सारखाच लागतोय की."