लाइलला उशीर झाला

सभा सातची होती. सव्वासात झाले तरी लाइलची खुर्ची रिकामीच.

गावसभेच्या लहानशा खोलीत पंचवीसेक माणसं होती. मागच्या टेबलावर कॉफीची किटली आणि कुणीतरी घरून आणलेल्या खजुराच्या वड्या. भिंतीवर नकाशा लावला होता. रेल्वेचे रूळ उखडून पंचवीस वर्षं झाली होती. त्या मोकळ्या पट्ट्यावर नकाशात हिरवी रेघ होती. सायकलींचा रस्ता. प्रादेशिक नियोजन मंडळ तो बांधून द्यायला तयार होतं, फक्त गावाचा ठराव हवा होता, आणि मुदत उद्या संपत होती.

मत देणारे सदस्य तीनच. अध्यक्षा आर्डिस बाजूने, ड्वेन विरोधात. राहिला लाइल, आणि हिरवी रेघ लाइलच्याच मक्यातून जात होती. रूळ गेल्यापासून तो पट्टा तो पेरत आला होता. त्याने फाटकावर पाटीही लावली होती : ‘सायकलवाल्यांनी माझ्या शेतात येऊ नये.’

“एकोणीस वर्षांत हा कधी उशिरा आला नाही,” आर्डिस म्हणाली.

“येऊन तरी काय सांगणार? ते मीच सांगतो,” ड्वेन म्हणाला. “घट्ट चड्ड्या घालून हिंडणाऱ्या शहरवाल्यांसाठी आपली जमीन नाही.”

लोक हसले. मंडळाकडून आलेली ब्रिजेट आपले कागद गोळा करू लागली.

दार उघडलं. लाइल आत आला. बुटांना गोठ्याचा चिखल, टोपी हातात.

“गाय व्यायली का रे?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाबोरला घरी पोचवायला गेलो होतो.”

नाबोर म्हणजे त्याच्या गोठ्यात दूध काढणारा माणूस. गावात खोली घेऊन राहायचा.

“तीन मैल जायला एवढा वेळ?”

“तो सायकलवर असतो. मी मागे, गाडीत.”

“अरे, मग सायकल टाक की गाडीत!”

“टाकू देत नाही. म्हणतो, दिवसभर तुमचं ऐकतो, घरी जाताना माझा मी जातो.” लाइल खुर्चीत बसला. “नोव्हेंबरात हमरस्त्यावर एका ट्रकने त्याला चरात पाडलं. तेव्हापासून मी मागे असतो, गाडीचे धोक्याचे दिवे लावून. रोज.”

ड्वेनने कॉफीचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

लाइल पुन्हा उठला, नकाशापाशी गेला. हिरव्या रेघेवर त्याने बोट ठेवलं.

“हा माझ्या गोठ्यामागून निघतो. गावात कुठे येतो, बाई?”

“पाण्याच्या टाकीपाशी,” ब्रिजेट म्हणाली.

“त्याची खोली टाकीमागेच आहे.” बोट थोडं पुढे सरकलं. “मध्ये हमरस्ता?”

“कुठेच लागत नाही.”

सगळ्यांकडे पाठ करूनच लाइल म्हणाला, “माझ्या बापाने जन्मभर त्या रुळांना शिव्या घातल्या. शेताचे दोन तुकडे केले म्हणून. रूळ निघाले त्या दिवशी म्हातारा ट्रॅक्टर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता जाऊन आला. काही नांगरलं नाही.”

तो जागेवर येऊन बसला. आर्डिसने ठराव वाचला.

“बाजूने कोण?” तिने स्वतःचा हात वर केला.

लाइलचा हात गुडघ्यावरच होता. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, पण घाई केली नाही. मग तो हात खांद्यापर्यंत वर आला.

“लाइल!” ड्वेन म्हणाला. “आणि फाटकावरची पाटी?”

“पाच महिने निवलेलं जेवतोय मी,” लाइल म्हणाला. “मला गरम जेवायचंय.”

हसण्याचा कल्लोळ झाला. ब्रिजेटने मान खाली घालून ठरावाची वेळ लिहून घेतली. खिडकीलगतच्या तिच्या कागदावर पिवळा उजेड येत होता, जात होता. तिने बाहेर पाहिलं. दिवस मावळला होता. अंगणात लाइलच्या रिकाम्या गाडीचे धोक्याचे दिवे अजून उघडझाप करत होते.