अर्धा सेकंद

अपघातग्रस्त गाडीच्या लॉगमध्ये, क्षणाक्षणाच्या नोंदींत, सगळं लख्ख दिसत होतं. टेस्ट ड्रायव्हर भोईटेंनी ब्रेक वेळेवरच दाबला होता, पण ब्रेकचा मेसेज चाकांपर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोचला. गाडीच्या नेटवर्कवर गाण्यांचे मेसेज त्याच्यापुढे गेले होते. डेमोत गाणं अडखळू नये म्हणून गाडीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या शिरीषनेच गाण्यांना पहिला नंबर दिला होता. तो परत बदलायचा राहिला.

शिरीष हॉस्पिटलात पोचला, तेव्हा भोईटेंच्या गुडघ्यांखाली चादर सपाट होती.

“साहेब, माझाच पाय उशिरा पडला,” ते म्हणाले. “तुमच्या मेहनतीची माती केली मी.”

खरं सांगायला शिरीषने तोंड उघडलं.

“होतं असं कधीतरी,” तो म्हणाला.

भोईटेंनी त्याचा हात धरून कपाळाला लावला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.