थेट मुद्द्यावर

१९६२ साल. महादेवराव सरकारी प्रचार अधिकारी होते, पण हंगामी. देवी टोचून घेण्याविषयीचे त्यांचे अमडापूरचे भाषण वरिष्ठांच्या पसंतीस उतरले, तरच नोकरी कायम होणार होती. पुण्याच्या वक्तृत्ववर्गात त्यांना बजावले होते, की मानपानाचे पाल्हाळ टाळावे आणि पहिल्याच वाक्यात विषयाला हात घालावा. त्यानुसार माइक हाती येताच "देवी टोचल्याने मूल दगावत नाही, उलट वाचते!" अशी त्यांनी सुरुवात केली आणि पुढे वीस मिनिटे ते जीव ओतून बोलत राहिले. समोर मात्र तंबाखूची देवघेव चालली होती, सोजराबाई शेजारणीला सुनेची गाऱ्हाणी ऐकवत होत्या आणि मंचावर बसलेले वरिष्ठ वहीत काहीतरी खरडत होते.

अखेर घाम पुसून, पडेल आवाजात महादेवराव आभाराकडे वळले. "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सरपंचसाहेब आणि जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो..."

सभा तत्क्षणी सावरून बसू लागली.


पहिल्या रांगेतल्या गफ्फारचाचांनी मागे वळून सगळ्यांना दम भरला, "चूप बसा बे! माइक तपासून झाला साहेबाचा, आता भाषण सुरू होऊन राह्यलं!"