भैरोबाचा कौल

"ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकवर गेलो तर महिना महिना घरी येणं न्हाई. तू एकटी पडशील. आई, तूच देवाला कौल लाव. डावं फूल पडलं तर न्हाई जात," रविराज म्हणाला.

रविवारचा उपास होताच. भैरोबाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलं लावून मी डोळे मिटले. बाहेर पायरीवर तो फोनवर हळूच बोलत होता, "व्हय साहेब, बॅग भरलीय. सांजच्याला कोरेगावात हजर होतो."

मी बाहेर आले.

"कंचं पडलं गं?"

"उजवं. जा, बाळा."

हसत हसत पाया पडला माझ्या.



एसटी वळणाआड गेल्यावर मी मूठ उघडली. डावं फूल पार चुरगळलं होतं.